बिब्ब्याचे तीन डाग

२१ सप्टेंबर, रविवार

ही डायरी खतांच्या दुकानातून मिळाली. जानेवारीपासूनची पाने कोरी होती, ती स्टेपलरने बंद केली, म्हणजे मधेच काही लिहिले जाणार नाही. माणसे बोलतात ते बोलतात तसेच लिहायचे आणि माझे शुद्ध लिहायचे, असे ठरवले आहे. दहावीला दोनदा बसलो आणि दोन्ही वेळा गणितात गेलो. मराठीत मात्र अठ्ठ्याहत्तर होते.

पाऊस ओसरला आहे. सकाळी धुके खाली पनवेलपर्यंत पसरते आणि त्यातून उंच इमारतींची टोके तेवढी वर दिसतात. नऊनंतर ऊन लागते. कड्यावरची कारवी सात वर्षांनी फुलली आहे, सगळा कडा जांभळा. खाली सोनकी पिवळी. आमच्या माळावर गवत कमरेच्या वर गेले आहे आणि शेंडे लालसर व्हायला लागलेत.

शनिवार-रविवार शहरातली माणसे गाड्या घेऊन येतात, रस्त्यावर उभी राहून फोटो काढतात आणि जातात. मी म्हटले, आपल्या माळावर गवत कापून चार तंबू लावू. माझा मित्र मितेश त्याच्या मिनिडोर रिक्षातून पनवेल स्टेशनवरून माणसे आणेल. आई भाकऱ्या करील.

बाबा म्हणाले, "गवत बगायला पनवेलवरनं मानसं येनार? आनि तू तर गवतच कापून टाकनार. मंग ती काय बगनार, तुला?"

मितेश इतका हसला की त्याला ठसका लागला. पण बाबा तयार झाले.

काय काय वाईट होऊ शकते त्याची यादी केली. फुरसे, विंचू, वीज, पाहुण्याचा पाय घसरणे, तंबू उडणे, पिठल्याने पोट बिघडणे. सतरा गोष्टी झाल्या. प्रत्येकीपुढे उपाय लिहिला. आता थोडे बरे वाटते.

२४ सप्टेंबर, बुधवार

गवत कापणी, तिसरा दिवस.

मी गमबूट, दोन जोड मोजे, फुल पँट, लांब बाहीचा शर्ट आणि घोट्याला सुतळी असा जातो. बाबा खाकी अर्धी चड्डी आणि कमरेला काळ्या दोऱ्याचा करगोटा. वर काही नाही. मला बघून म्हणाले, "लगीन हाय का तुजं?"

गवतात उंदरांची बिळे फार आहेत. बीळ म्हटले की साप आलाच, म्हणून मी आधी काठी आपटतो आणि मग विळा लावतो. त्यामुळे मी एक पेंढी करतो तोवर बाबांच्या पाच होतात. दुपारी जेवून ते कापलेल्या गवतावरच आडवे झाले आणि घोरायला लागले. मी दगडावर बसलो. त्यांच्या अंगावरून मुंग्या जात होत्या, झटकल्या. ते जागे झाले नाहीत.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

माझ्या डाव्या पायाला तीन ठिकाणी खाज येते आहे. मोज्याच्या वर दोन आणि गुडघ्यामागे एक. लाल झाले आहे पण फोड नाही. खोबरेल तेल लावले. परवापासून डोकेही जड वाटते. पनवेलहून आणलेल्या थर्मामीटरने ताप पाहिला, सकाळी ९८.२, दुपारी ९८.४. उद्या पुन्हा पाहायचा.

सकाळी विळे, कोयते, पहार धुऊन पूजा केली. मितेशने मिनिडोरला झेंडूची एवढी माळ घातली की समोरचा रस्ता दिसेना. बाबांना आंघोळीला पाणी दिले, पाठ घासली. त्यांच्या करगोट्यापाशी डाव्या बाजूला मसुराएवढी पुटकुळी आहे, दुखत नाही म्हणाले.

संध्याकाळी सगळ्यांच्या घरी आपट्याची पाने दिली.

५ ऑक्टोबर, रविवार

पाहुणे आले आणि गेले! परवा संध्याकाळी आठ जण आले होते. स्नेहल नावाच्या मॅडम त्यांच्या प्रमुख, कंपनीत काम करतात. कोणाचा पाय घसरला नाही, कोणाचे पोट बिघडले नाही. यादीतले सतराच्या सतरा टळले. माझा मात्र दोन्ही रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

मॅडमनी विचारले, "इथे बिबट्या येतो का?" मी उत्तर जुळवत होतो तोवर बाबा म्हणाले, "येतो, पन शनवार-रविवार नाय येत. गर्दी असते." सगळे हसले.

आज पाहुणे गेल्यावर ऊन नुसते भाजत होते. पत्र्याला हात लावता येत नव्हता. बाबा ओट्यावर घोंगडी पांघरून बसले होते. दमलो म्हणाले. जेवले नाहीत. दोन रात्री तंबूंच्या राखणीला बसले होते, म्हणून असेल.

माझा ताप ९८.६. जरा जास्त वाटला म्हणून पुन्हा पाहिला. तेवढाच.

७ ऑक्टोबर, मंगळवार

बाबांना ताप आहे. १०३.

दोन दिवस मी थर्मामीटर माझ्याच काखेत धरून बसलो होतो. आज आई म्हणाली, "जरा त्यांना पन लाव की." लावला आणि आकडा दिसला. काच पुसून परत लावला. १०३.२.

मितेशने खाली बाजारातल्या डॉक्टरांकडे नेले. रक्त तपासले. मलेरिया नाही, डेंग्यू नाही. हवा बदलते आहे, व्हायरल असेल, म्हणाले. गोळ्या दिल्या आणि एक इंजेक्शन.

येताना बाबा गाडीत डोके धरून बसले होते. वाटेत भात पिकायला लागला आहे, वाऱ्याने पिवळ्या लाटा हलत होत्या. एरवी ते प्रत्येक शेत कोणाचे, बियाणे कुठले, किती येईल ते सांगतात. आज बोलले नाहीत.

९ ऑक्टोबर, गुरुवार

ताप उतरत नाही. सकाळी १०२, दुपारी १०४. डोके फुटते म्हणतात. डोळे लाल झालेत. डाव्या बरगडीखाली दुखते.

आईने दाजींना बोलावले. दाजी वरच्या आळीत राहतात. ऐंशीच्या पुढचे असतील. पोटात पाणथरी, म्हणजे प्लीहा, वाढली की ते बिब्ब्याचा डाग देतात. मला ते पटत नाही, पण औषध तरी कुठे लागू पडते आहे?

दाजींनी पणती लावली. सुईला बिब्बा टोचला आणि ज्योतीवर धरला. तेल सुटून बिब्बा चरचरू लागला तसा बरगडीखाली टेकवला. बाबांनी हूं की चूं केले नाही. एकाखाली एक असे तीन डाग. मी जवळ बसून मोजले. काळे, हरभऱ्याएवढे.

दाजी म्हणाले, "उतरंल. नाय उतरला तं माज्या भरवशावर ऱ्हाऊ नका, पनवेल गाठा."

मी आणि आई दोघेही बाहेर येऊन उभे राहिलो. 

११ ऑक्टोबर, शनिवार

आज मी खोटे बोललो ते इथे लिहून ठेवतो.

बाजारातल्या डॉक्टरांकडे पुन्हा गेलो. दवाखाना भरलेला, बाहेर पायरीपर्यंत माणसे. डॉक्टरांनी बाबांना बसल्याबसल्याच तपासले. मग मला विचारले, "अंगावर कुठे काळी खपली, चट्टा, काही आहे का?"

मी म्हणालो, "नाही."

गेल्या वर्षी आमच्याच गावातल्या एका बाईला डाग दिलेला पाहून हेच डॉक्टर सगळ्यांसमोर ओरडले होते, "जनावरं आहात का रे तुम्ही?" ती बाई रडत बाहेर आली होती. बाबांना कोणी तसे बोललेले मला ऐकवणार नव्हते. शिवाय डाग परवाचे, ताप त्याच्या आधीचा. त्यांचा तापाशी काय संबंध, असे मी मनाशी म्हटले.

गोळ्या बदलून दिल्या. उद्यापर्यंत उतरला नाही तर पनवेलला न्या, म्हणाले.

पुढच्या दोन्ही शनिवारांची बुकिंग रद्द केली.

१२ ऑक्टोबर, रविवार

पनवेल, सरकारी दवाखाना. दुपारचे तीन. वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून लिहितो आहे. अक्षर वाईट आले आहे.

सकाळी बाबांनी मला ओळखले नाही. माझ्याकडे बघून म्हणाले, "मास्तर, पोराला घरी सोडा, पाऊस येतोय." आभाळ निळे स्वच्छ होते. श्वास उथळ आणि डोळे पिवळे. मितेशने मिनिडोर दारात लावली. झेंडूची माळ अजून तशीच होती, सुकलेली, ती त्याने तोडून फेकली. मधल्या सीटवर बाबांना आडवे घातले. त्यांचे डोके आईच्या मांडीवर आणि पाय माझ्या. वळणावळणावर त्यांचा पाय माझ्या हातून सुटत होता.

इथल्या डॉक्टर अरीबा मॅडम. मोरा बंदराकडच्या आहेत असे सिस्टर म्हणाल्या. वयाने माझ्याएवढ्याच असतील. त्यांनी बाबांचा सदरा वर केला आणि थांबल्या.

"हे काय आहे?"

आई सदरा खाली ओढायला गेली.

"बिब्बा ना? एक-दोन नाही, चार चार चटके! माणूस तापानं फणफणलाय आणि तुम्ही त्याला भाजताय? तुम्ही शिकलेले दिसता. तुम्ही होता तिथे?"

"होतो," मी म्हणालो.

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिले आणि सिस्टरना सलाइन आणायला सांगितले. त्यापेक्षा ओरडल्या असत्या तर बरे झाले असते.

सलाइन लावले आहे, ऑक्सिजन लावला आहे. लिव्हरला आणि किडनीला सूज आहे. कारण समजत नाही, रक्त परत पाठवले आहे. "चोवीस तास महत्त्वाचे," म्हणाल्या.

पनवेलमध्ये उकडते. खिडकीतून डोंगर दिसतो. आमचा कडा कुठला ते ओळखता येते, जांभळा रंग मात्र इतक्या लांबून दिसत नाही.

१३ ऑक्टोबर, सोमवार

घडले त्या क्रमाने लिहितो.

सकाळी सहाला जाग आली. करायला काही नव्हते म्हणून डायरी वाचत बसलो. नऊ तारखेला लिहिले आहे, तीन डाग. काल लिहिले आहे, चार चटके.

आधी वाटले, माझेच चुकले. मी मोजताना चुकलो तर मग या डायरीतले काय खरे? ताप तरी बरोबर लिहिलेत का?  मग वाटले, मॅडम घाईत होत्या, त्या चुकल्या असतील. आत गेलो. बाबा ग्लानीत होते. सदरा उचलून बोट लावून मोजले. बरगडीखाली तीन. चौथा खाली, एकटा, कमरेला. अर्धा करगोट्याखाली गेलेला.

आईला विचारले. ती म्हणाली, "दाजीनंच दिला असंल."

मितेश काल गाडी घेऊन गावाला परतला होता. त्याला फोन केला, दाजींकडे जा आणि फोन त्यांच्या कानाला लाव. तो म्हणाला, "निक्या, सकाळी सातला म्हाताऱ्याला हिशेब विचारू? तू येडा झालायस का?" पण गेला.

दाजींचा आवाज आला, "कसा हाय जगन?"

"दाजी, तुम्ही डाग किती दिले? तीन की चार?"

"तीन."

"कमरेला एक आहे."

"माजा नाय. कमरेला कोन देतो? आनि चौथा तं मी जल्मात दिला नाय. चार लागतात ते खांदे, डाग नाय." मग म्हणाले, "डाक्तरनीला सांग. माजं नाव घेतलंस तरी चालंल. मला काय बोलायचं ते बोलू दे तिला."

मॅडम राउंडला यायला अजून तास होता. मी त्यांच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिलो. काल त्यांनी माझ्याकडे कसे पाहिले होते ते आठवत होते. काय बोलायचे ते मनात तीन वेळा जुळवले. त्यांनी मान वर केली आणि जुळवलेले सगळे विसरलो.

"मॅडम, डाग तीनच दिलेत. चौथा आमचा नाही."

त्यांनी पेन खाली ठेवले. मग खुर्ची मागे सरकवून माझ्या आधी वॉर्डात पोचल्या.

पोट फुगल्यामुळे करगोटा रुतला होता आणि दोरा खपलीला चिकटला होता. सिस्टर कात्री घेऊन आल्या. आईने त्यांचा हात धरला.

"करगोटा नाय तोडायचा."

"मावशी, त्याच्याखाली बघायचंय."

"सरकवून बगा. तोडू नका. तो तोडतात कवा, ठाव हाय ना तुमाला?"

सिस्टरनी कात्री खाली घेतली. त्यांना माहीत होते. मलाही माहीत आहे. आजोबा गेले आणि त्यांचा तोडला तेव्हा मी सहा वर्षांचा होतो, अंगणात उभा होतो.

मॅडम आईच्या शेजारी उभ्या राहून हळू आवाजात बोलल्या, "आई, मला जे वाटतंय ते असेल तर औषध आहे. या मिनिटाला देता येईल. पण मला नीट दिसलं पाहिजे."

आई बाबांकडे बघत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू काप. परक्यानं नको." आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

मी कापला. जुना काळा दोरा, पाच पदरी, तेल-घामाने कडक झालेला. एका झटक्यात तुटला नाही. दोनदा कात्री चालवावी लागली. मला वाटले की आत्ताच बाबांचा श्वास थांबणार. मी कात्री हातात घेऊन त्यांची छाती बघत होतो. वर गेली. खाली आली. परत वर गेली.

मॅडमनी खपली बघितली. "हा बिब्बा नाही. मध्ये काळं, भोवती लाल कडं, दाबलं तरी दुखत नाही. काका गवतात गेले होते का?"

मी सांगितले, पाच दिवस आम्ही माळ कापला.

"गवतात एक किडा असतो. डोळ्याला दिसणार नाही एवढा. उंदरांच्या अंगावर वाढतो. स्क्रब टायफस म्हणतात याला. पाऊस संपता संपता असे पेशंट येतात. काल हे तीन डाग नसते ना, तर मी हा चौथा ओळखला असता." मग सिस्टरना गोळीचे नाव सांगितले आणि म्हणाल्या, "रिपोर्टची वाट बघायची नाही. आत्ता."

नंतर मला विचारले, "हे कधीपासून आहे, काही अंदाज?"

मी डायरी उघडून दोन तारखेचे पान दिले. त्यांनी ते पूर्ण वाचले. बाबांच्या पुटकुळीबद्दल शेवटाकडे एक वाक्य आहे. त्याच्या आधी माझ्या खाजेबद्दल आणि तापाबद्दल सात वाक्ये आहेत. तीही त्यांनी वाचली असणार. "चांगलं केलंत लिहून ठेवलंत ते," म्हणाल्या आणि डायरी परत दिली.

करगोटा मी कागदात गुंडाळून खिशात ठेवला आहे.

संध्याकाळी सहा. ताप १०३.४.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी १०२. दुपारी १०१. मी सिस्टरना परत परत विचारतो म्हणून त्यांनी थर्मामीटरच माझ्या हातात दिला.

माझी यादी काढून बघितली. सतरा धोके. साप दोनदा आला आहे. हा किडा नाही. आणि सगळे उपाय मी माझ्याच अंगावर घातले होते, गमबूट, मोजे, सुतळी. बाबांना एक जुना शर्ट घाला म्हणालो असतो तरी चालले असते. ते हसले असते एवढेच.

१५ ऑक्टोबर, बुधवार

९९.४.

बाबांनी पहाटे डोळे उघडले आणि म्हणाले, "भात कापला काय?"

आई म्हणाली, "कोन कापनार? तुमी हितं झोपलाव."

"मग ह्याला धाड."

"ह्याला धाडला तं काठी आपटत बसंल. पुढल्या दसऱ्याला होईल कापून."

मी हसलो नाही. बाहेर बाकावर जाऊन बसलो आणि रडलो. लिहायला लाज वाटते, पण लिहायचे ठरले आहे.

दुपारी वेगळीच भीती बसली. आठ पाहुणे त्या माळावर बसले होते. एक जण तर कापलेल्या गवतावर लोळून फोटो काढत होता. मॅडम म्हणाल्या, दोन आठवडे लक्ष ठेवायला सांगा. मितेश म्हणाला, "फोन केलास तर परत कोणी येणार नाही. माळ बदनाम होईल." खरे आहे. तासभर नंबर काढून बसलो, मग स्नेहल मॅडमना फोन केला. सगळे सांगितले. ताप आला तर अंगावर खपली शोधा, कमरेला, काखेत, आणि डॉक्टरांना गवताचे सांगा. त्यांनी खपलीचे पुन्हा एकदा विचारून घेतले. मग म्हणाल्या, "बाबा कसे आहेत?" मला वाटले होते चिडतील.

सगळे ठीक आहेत. एकाला सर्दी आहे. त्याच्याकडून मी रोज विचारून घेणार आहे.

२२ ऑक्टोबर, बुधवार. पाडवा

शनिवारी बाबांना घरी आणले. दिवाळीचे फटाके खाली पनवेलमध्ये वाजतात, इथे नुसता उजेड दिसतो. कड्यावरची कारवी सुकून तपकिरी झाली आहे. माळाचा न कापलेला भाग सोन्यासारखा पिवळा. मी त्याच्या कडेनेसुद्धा जात नाही. भात गावाने मिळून कापला. दाजीसुद्धा बांधावर येऊन बसले होते, सगळ्यांना शिव्या देत.

डॉक्टर मॅडमनी सांगितले होते, दाजींना म्हणावे यापुढे डाग नको. मी घाबरत घाबरत निरोप दिला. दाजी म्हणाले, "बरं." मग म्हणाले, "पन मोजायला शिकवला कोनी तुला? गनितात तं नापास ना तू?"

आज सकाळी आईने बाबांना तेल लावून आंघोळ घातली. बाबा पाटावर बसून म्हणाले, "कमर नागवी वाटते." आईने काळा दोरा आणून ठेवला होता. पाच पदर वळून दिले. जुना तिने नदीत सोडायला बाजूला ठेवला. त्याआधी मी तो मोजून ठेवला होता, चौतीस इंच. नवा कमरेला धरला तर एकतीसवर टोके भिडली. मी तिथेच गाठ मारायला गेलो.

आई म्हणाली, "सैल बांद. भरनार हाय अजून तो."

मी दोन बोटे आत घालून गाठ मारायला लागलो. आईने पुढे होऊन तिचे तिसरे बोट घातले.